मुंबई मेट्रो मार्गिका ३

मुंबई मेट्रो मार्गिका ३ : कफ परेड ते आरे हा मुंबईतील ३३.५ किमी. लांबीचा भुयारी मेट्रोमार्ग. ‘मेट्रो ३’, ‘भुयारी मेट्रो’ आणि ‘अ‍ॅक्वा लाइन’ ही त्याची रूढ नावे. २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत; उत्तर टोकाचे आरे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) तेवढे जमिनीवर आहे. कागदोपत्री मार्गाचे नाव कुलाबा-वांद्रे-सीप्झ असे असले, तरी कुलाबा नावाचे स्थानक त्यावर नाही. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला.

मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण धावते, पण नरिमन पॉइंट, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, एमआयडीसी, सीप्झ ही नोकरीची ठिकाणे लोकलच्या स्थानकांपासून लांब पडतात. ही ठिकाणे एका दोरीत ओवणे हे या मार्गाचे मूळ काम. गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांतून किंवा फोर्टच्या वारसा इमारतींसमोरून खांबांवरचा मार्ग नेण्याइतकी रुंदी रस्त्यांना नाही, म्हणून तो जमिनीखालून न्यावा लागला. लोकलशी तो चर्चगेट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी आणि दादर या भागांत जोडला जातो, तर घाटकोपर-वर्सोवा मेट्रोशी मरोळ नाका येथे.

उभारणी करणारी मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन ही केंद्र आणि राज्य सरकारची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता आणि त्यातले सुमारे ५७ टक्के जपानच्या जायका या संस्थेचे कर्ज होते. मार्ग पूर्ण होईपर्यंत खर्च ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. केंद्राची मंजुरी २०१३ ची, प्रत्यक्ष काम २०१६ च्या अखेरीचे. बांधकामाची सात पॅकेजांत विभागणी करून ती वेगवेगळ्या कंत्राटदारांना वाटून दिली गेली; दोघांकडे दोन-दोन पॅकेजे होती. एका पॅकेजचे काम अडले तरी शेजारच्याने थांबायचे नाही, हा त्यामागचा हिशेब.

भुयार आणि स्थानक यांतला फरक : भुयारी मेट्रो म्हटले की डोळ्यांसमोर भुयार खोदणारे अजस्र यंत्र, म्हणजे टीबीएम, येते. या मार्गावर अशी १७ यंत्रे लावली होती आणि त्यांना सूर्या, वैतरणा, कृष्णा, तानसा, वैनगंगा अशी राज्यातल्या नद्यांची नावे दिली होती. पहिले यंत्र २०१७ मध्ये माहीमच्या नयानगर येथील खड्ड्यात, म्हणजे शाफ्टमध्ये, उतरले. सप्टेंबर २०१८ मध्ये मरोळ आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्या दरम्यान पहिले भुयार आरपार झाले. बेचाळिसावे आणि शेवटचे भुयार नोव्हेंबर २०२२ मध्ये महालक्ष्मीला पूर्ण झाले. तरीही पहिला प्रवासी आत शिरायला आणखी जवळजवळ दोन वर्षे लागली. ही तफावत नीट पाहिली, तर भुयारी मार्गाचे वेळापत्रक यंत्राच्या वेगावर फारसे ठरत नाही, हे लक्षात येते. ते ठरते स्थानकांवर, मातीवर, कारशेडवर आणि शेवटी जिन्यांवर.

स्थानकाचा खड्डा : आठ डब्यांची गाडी सुमारे १८० मीटर लांब असते. फलाटाच्या दोन्ही टोकांना पंखे, विद्युत उपकेंद्र आणि पंपांच्या खोल्या लागतात. त्यामुळे स्थानकाची पेटी दोनशे मीटरच्या बरीच पुढे जाते. खोली साधारण वीस-पंचवीस मीटर. बहुतेक स्थानके वरून खोदून, म्हणजे ‘कट अँड कव्हर’ पद्धतीने बांधली गेली. आधी रस्त्याखालच्या जलवाहिन्या, मलवाहिन्या, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा हलवायच्या. दक्षिण मुंबईत या कामाला कुणी अंदाजे म्हणेल त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण जुन्या नकाशात एक जलवाहिनी असते आणि चर खणल्यावर तीन निघतात. म्हणून आधी हाताने चाचणी-चर घेतात, मगच यंत्र लावतात. त्यानंतर खड्ड्याच्या कडेने एकमेकांत शिरणाऱ्या काँक्रीट खांबांची रांग (सीकंट पाइल) किंवा सलग भिंत उभी करतात. अर्ध्या रस्त्यावर पोलादी पाट टाकून वाहतूक वरून चालू ठेवतात, तेव्हा कुठे खाली खोदाई सुरू होते. खांबांच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले की पाण्याबरोबर मागची बारीक माती निघून जाते आणि शेजारच्या पदपथाखाली पोकळी होते. पाणी स्वच्छ येत असेल तर फारशी काळजी नाही. गढूळ आले की खोदाई थांबवून सांधा ग्राउटने, म्हणजे दाबाने भरलेल्या पातळ सिमेंटच्या मिश्रणाने, बंद करावा लागतो.

काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड यांसारख्या ठिकाणी वरून खड्डा घ्यायला जागाच नव्हती. तिथे बाजूला एक शाफ्ट उतरवून खडकात नियंत्रित स्फोट व ब्रेकर यांनी फलाटाची पोकळी कोरली. या पद्धतीला ‘नाटम’ (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) म्हणतात. एका वेळी एक-दीड मीटर पुढे जायचे, लगेच जाळी व फवारणीचे काँक्रीट (शॉटक्रीट) मारायचे, खडकात बोल्ट ठोकायचे, छत किती खाली आले ते मोजायचे आणि मगच पुढचा घास घ्यायचा. वर शंभरी गाठलेल्या चाळी. त्यांच्या भिंतींवर झुकाव मोजणारी उपकरणे, परावर्तक आणि भेगांवर मोजपट्ट्या लावल्या होत्या. स्फोटाच्या कंपनाला मर्यादा ठरवलेली होती आणि वारसा इमारतींसाठी ती अधिक कडक होती. शाफ्ट आणि जिन्यांसाठी ज्या इमारती पाडाव्या लागल्या, तिथल्या रहिवाशांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे ठरले. काळबादेवी-गिरगावचे काम मागे पडण्याचे मोठे कारण तेच: घर रिकामे झाल्याशिवाय शाफ्ट नाही, आणि शाफ्टशिवाय स्थानक नाही.

यंत्राचे काम : टीबीएम चालते ते एका साध्या फेऱ्यात. पुढचे कापणीचक्र फिरते, मागचे जॅक शेवटच्या रिंगवर, म्हणजे भुयाराच्या काँक्रीट अस्तराच्या कड्यावर, रेटा देऊन यंत्र पुढे ढकलतात, एका रिंगइतकी जागा झाली की ढकलणे थांबवून सेगमेंटची नवी रिंग बसवतात. सेगमेंट म्हणजे कास्टिंग यार्डात ओतून आणलेले वक्र काँक्रीट तुकडे; पाच मोठे आणि शेवटी पाचरीसारखा बसणारा एक छोटा ‘की’ तुकडा, अशी रचना सर्रास असते. आतला व्यास सुमारे ५.८ मीटर. रिंग आणि खडक यांमधली फट लगेच ग्राउटने भरायची असते. ती उशिरा भरली किंवा कमी भरली, तर जमीन तेवढी खाली बसते. रस्त्यावरचा खड्डा पुष्कळदा कापणीचक्राच्या समोर पडत नाही, तर यंत्र पुढे निघून गेल्यावर त्याच्या शेपटीमागे पडतो, तो यामुळे.

मुंबईच्या पोटात बेसॉल्ट आहे ही गोष्ट अर्धीच खरी. कुठे घट्ट बेसॉल्ट, कुठे ब्रेशिया आणि टफ हे ज्वालामुखीचे दुसरे खडक, कुठे पूर्ण कुजलेला खडक, तर दक्षिणेला समुद्रात भर घालून केलेली जमीन आणि तिच्याखाली सागरी चिखल. सगळ्यांत त्रासदायक असतो मिश्र थर, म्हणजे चक्राच्या खालच्या अर्ध्यात कठीण दगड आणि वरच्या अर्ध्यात मऊ मुरूम. दगड कापायला वेळ लागतो तोवर वरचा मुरूम आपोआप आत येत राहतो. म्हणून चालक रिंगमागे किती माती बाहेर आली याचे वजन सतत बघतो; नेहमीपेक्षा जास्त आली तर वर पोकळी झाली असे धरून चालायचे. दुसरा घोळ कापणीचक्रावरच्या, दगड फोडणाऱ्या चकत्यांचा. चिकट माती बेअरिंगच्या आजूबाजूला घट्ट बसली की कटरची चकती फिरायची थांबते, दगडावर नुसती घासत जाते आणि एका बाजूने सपाट होते. एक चकती गेली की तिचा भार शेजारच्यांवर येतो. ती बदलायला माणसांना चक्रामागच्या कोठडीत शिरावे लागते आणि जमीन सैल व पाणथळ असेल तर दाबाखालच्या हवेत. अशा एका थांब्यात दिवस सहज जातात.

मातीचा हिशेब : कापणीचा व्यास ६.६ मीटर आणि रिंगची रुंदी १.४ मीटर धरली, तर एका रिंगमागे जमिनीतला सुमारे ४८ घनमीटर दगड निघतो. फुटल्यावर तो फुगतो आणि दीडपट धरला तरी ७० घनमीटरच्या वर जातो. दहा-बारा घनमीटरचा डंपर असेल, तर एका रिंगला सहा-सात डंपर. दिवसाला दहा मीटर, म्हणजे सात रिंगा, झाल्या की एका यंत्रामागे पन्नासच्या आसपास फेऱ्या; आणि एका शाफ्टमधून सहसा दोन यंत्रे जोडीने निघतात. मुंबईत अवजड वाहनांना दिवसा बंधने असल्याने हा राडारोडा मुख्यतः रात्री हलवावा लागतो. शाफ्टशेजारची, माती साठवायची कुंडी भरली आणि डंपर आले नाहीत, तर खाली यंत्र ठणठणीत असूनही उभे राहते. दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध दाद मागितल्यावर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या रात्रीच्या कामाला मनाई केली होती. ती पुढच्या वर्षी शिथिल झाली. मनाई रात्रीच्या कामाला असली तरी फटका दिवसाच्या खोदाईलाही बसतो, तो या कुंडीमुळे.

कारशेड : गाड्यांना रात्री थांबायला, धुवायला, तपासायला आणि चाके घासून घ्यायला डेपो लागतो. भुयारी मार्गाचा डेपो जमिनीखाली बांधणे सहसा परवडत नाही, त्यामुळे एका टोकाला मोठी मोकळी जागा हवी असते. ही जागा आरे वसाहतीत निवडली गेली आणि त्यावरून शहरात मोठे आंदोलन झाले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. नोव्हेंबरमध्ये नव्या राज्य सरकारने कामाला स्थगिती दिली, २०२० मध्ये डेपो कांजूरमार्गला हलवण्याचे ठरले, त्या जागेच्या हस्तांतरणाला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्थगिती दिली आणि २०२२ च्या जुलैत सत्ताबदलानंतर डेपो पुन्हा आरेत आला. एप्रिल २०२३ मध्ये, ८४ झाडांची मुभा असताना जास्त झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कॉर्पोरेशनला १० लाख रुपये भरायला लावले. पर्यावरणाची बाजू आणि प्रकल्पाची बाजू यांवर मतभेद राहतील. तांत्रिक परिणाम मात्र एकच होता. डेपो नाही म्हणजे गाडी उतरवायला जागा नाही, आणि गाडीशिवाय चाचणी नाही. आंध्र प्रदेशातील श्रीसिटीच्या कारखान्यातून ट्रेलरवर आलेली पहिली गाडी म्हणूनच आरेतल्या सारीपुतनगर येथे तात्पुरती सोय करून उतरवली गेली. तिची पहिली चाचणी ऑगस्ट २०२२ च्या शेवटी झाली.

रूळ ते प्रमाणपत्र : भुयारात खडी टाकत नाहीत, रूळ थेट काँक्रीटच्या पट्ट्यावर, कंपने शोषणाऱ्या पकडींवर बसतात. रुळांमधले अंतर १,४३५ मिमी., म्हणजे लोकलपेक्षा अरुंद. त्यामुळे या गाड्या लोकलच्या रुळांवर जाऊ शकत नाहीत. वीज २५ हजार व्होल्टची, पण लोंबती तार नाही. छताला टांगलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कडक पट्टीत संपर्कतार अडकवलेली असते. तिला ताण द्यावा लागत नाही आणि उंची कमी लागते. फलाटावर पूर्ण उंचीची काचेची दारे आहेत. गाडी दारांशी जुळवून थांबली नाही, तर दोन्ही दारे उघडत नाहीत. दोन भुयारांना ठरावीक अंतरावर जोडणारे आडवे मार्ग असतात आणि आग लागल्यास टोकाचे पंखे धूर एका दिशेला ढकलतात, म्हणजे प्रवाशांनी दुसऱ्या दिशेने चालत निघायचे. हे सगळे बसल्यावर आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेच्या धाव-चाचण्या होतात आणि शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त पाहणी करतात. त्यांचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय प्रवासी घेता येत नाही. या पायरीवर अडते ते बहुधा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर, उदाहरणार्थ, अग्निशमनाची पाइप, सूचनाफलक किंवा सुटकेच्या वाटेत राहिलेले सामान.

टप्पे आणि पाणी : आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा १२.६९ किमी.चा भाग ७ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाला. तिथून वरळीतल्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा भाग ९ मे २०२५ रोजी उद्घाटन होऊन दुसऱ्या दिवशी खुला झाला. तिकीट १० रुपयांपासून सुरू होते आणि पूर्ण मार्गाला ७० रुपये पडतात.

टप्प्याटप्प्याने मार्ग उघडताना नेहमीची तडजोड अशी की फलाट पूर्ण असतो, पण स्थानकाची सगळी प्रवेशद्वारे पूर्ण नसतात. दोन दारांनी काम भागते, बाकीच्यांचे खड्डे मागाहून बांधायचे. मुंबईत या तडजोडीला पावसाची मुदत असते. प्रवेशद्वाराचा उंबरा रस्त्यापेक्षा वर ठेवतात, जेणेकरून साचलेले पाणी आत येऊ नये. पण अर्धवट द्वाराला उंबराच नसतो, तिथे तात्पुरती भिंत घालून भागवावे लागते. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत नेहमीपेक्षा खूप आधी पोहोचला. आचार्य अत्रे चौकाच्या बांधकाम चालू असलेल्या एका द्वाराची अशी भिंत पाण्याच्या दाबाने कोसळली आणि चिखलाचे पाणी थेट स्थानकात उतरले. स्थानक खुले होऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. ते बंद करून गाड्या त्याआधीच्या वरळी स्थानकापर्यंतच चालवाव्या लागल्या. आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा अकरा स्थानकांचा शेवटचा भाग पावसाळा सरता सरता, ९ ऑक्टोबर २०२५ रोजी, प्रवाशांना खुला झाला.