मुंबई भिजते तेव्हा त्रिंकोमाली तापतं

दादरच्या आमच्या इमारतीत जूनच्या तोंडावर एक वाद ठरलेला. कुणीतरी श्रीलंकेची स्वस्त तिकिटं काढतं आणि बाकीचे त्याला वेड्यात काढतात. "पावसाळ्यात बेटावर कोण जातं? तिथे तर आपल्याआधी पाऊस पोचतो!" पोचतो, हे खरं. पण कुठल्या किनाऱ्यावर?

मे ते सप्टेंबर श्रीलंकेवरही आपलेच नैर्ऋत्येचे वारे असतात. कोलंबो आणि गॉल त्यांच्या थेट तोंडावर, म्हणून चिंब. बेटाच्या मध्याला मात्र डोंगर आहेत. त्यातला पिदुरुतलागला २,५२४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून बराच उंच. वारा डोंगर चढतो, गार होतो, पश्चिम उतारावर पाणी सांडतो. गंमत पुढे आहे. ढगातली ओली हवा चढताना दर किलोमीटरला साधारण ६ अंशांनी थंड होते, पण कोरडी झालेली हवा उतरताना जवळपास १० अंशांनी तापते. त्यामुळे पूर्वेकडे पोचतो तो कोरडा, गरम वारा. तिथले तमिळ लोक त्याला कच्चान म्हणतात. महाबळेश्वर पाहून माण-खटावला उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. पूर्व किनाऱ्यावरचं जुलैतलं त्रिंकोमाली म्हणजे श्रीलंकेचा माणदेशच, फक्त समोर निळा समुद्र. डिसेंबरात ईशान्येचे वारे लागले की पारडं फिरतं: पूर्व किनारा भिजतो, गॉलला ऊन पडतं.

थायलंडचंही तसंच. पश्चिम किनाऱ्यावरचं फुकेत मे ते ऑक्टोबर ओलं, तर पलीकडच्या आखातातल्या कोह सामुईला सगळ्यात जास्त पाऊस नोव्हेंबरात.

मॉरिशसची गोष्ट मला जास्त आवडते, कारण आपल्या पावसाचा वारा तिकडूनच निघतो. दक्षिण हिंदी महासागरात हवेच्या उच्च दाबाचा एक मोठा पट्टा असतो. तिथून सुटलेले आग्नेयेचे वारे जुलैत मॉरिशसवरून जातात, पूर्व आफ्रिकेजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन सह्याद्रीवर आदळतात. आपण लोकलच्या दारात भिजत असतो तेव्हा मॉरिशसला हिवाळा असतो: हवा गार, पाऊस बेताचा. वारा पूर्व किनाऱ्याला झोंबतो, तेव्हा मुक्काम पश्चिमेला करावा. जानेवारी ते मार्च मात्र तिथे चक्रीवादळांचे दिवस. बालीला जून ते सप्टेंबरचा वारा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या हिवाळ्यातून येतो, म्हणून तेव्हा तिथेही उघडीप.

उरलं अंदमान. दिवाळीच्या सुट्टीतला हा लाडका बेत मला तरी फसवा वाटतो. या बेटांना दोन्ही मोसमी वारे भिजवतात. नैर्ऋत्येचा पाऊस मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, केरळच्याही आधी, तिथे दाखल होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं घोंगावत असतात. खात्रीची उघडीप जानेवारी ते एप्रिल. तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, हे अंदमानच्या वाऱ्यांना कुणी सांगितलेलं नाही.