स्थिर डीसी वीजपुरवठा (घरगुती विजेवरचा)

घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ एसी विजेपासून ५ किंवा १२ व्होल्टसारखा ठरावीक डीसी दाब देणारे सर्किट. लाइनचा दाब थोडा वरखाली झाला किंवा भार (जोडलेले उपकरण घेते तो प्रवाह) बदलला, तरी आउटपुट जवळपास तेवढेच राहते. पुण्यात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुले सोल्डरिंगचा हात बसवायला बरेचदा हेच करतात. सुटे भाग बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत मिळतात.

ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो आणि सर्किटला लाइनपासून अलगही ठेवतो. ट्रान्सफॉर्मर वगळून नुसत्या कपॅसिटरवर चालणारी सर्किटे स्वस्त पडतात, पण त्यांच्या आउटपुटला हात लावला तरी जिवावर बेतू शकते; शिकणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

‘नऊ झिरो नऊ, एक अँपिअर’ असा ट्रान्सफॉर्मर मागितला की दुय्यम (कमी दाबाच्या) बाजूला तीन वायरी मिळतात. मधली आणि कडेची एक, अशा दोन वायरी चार १एन४००७ डायोडांच्या, एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिजला द्यायच्या. नवखे हमखास कडेच्या दोन्ही देतात. मग ९ऐवजी १८ व्होल्ट येतात. ९ व्होल्ट हे आरएमएस (एसीचे परिणामी) मूल्य, शिखर १२.७ व्होल्टचे. दोन डायोडांत सुमारे १.४ जातात, उरतात ११.३. त्यावर दाब सपाट करायला २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. अर्धा अँपिअर घेतला तर त्यावरचा दाब सेकंदाला १०० वेळा साधारण दोन व्होल्टने खाली-वर होतो, म्हणजे तळाशी ९ व्होल्ट राहतात. पुढे स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ या आयसीला सुमारे ७ व्होल्ट पुरतात, म्हणून हिशोब जमतो.

जास्तीचा दाब आयसी उष्णतेत घालवते. इथे सरासरी ५ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट, हीटसिंक हवाच. ‘असू दे जास्त’ म्हणून १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, तर उष्णता जवळपास दुप्पट होते आणि आउटपुट मात्र तेच ५ व्होल्ट. बदलता दाब हवा असेल तर एलएम३१७ ही आयसी वापरतात.

ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक (२३० व्होल्टच्या) बाजूला फ्यूज, फेजच्या वायरीत स्विच आणि धातूच्या पेटीला अर्थिंग आवश्यक. आयसी बसवण्याआधी कपॅसिटरवरचा दाब मल्टिमीटरने पाहावा. विनाभार तो ११.३पेक्षा बराच जास्त दिसतो. त्यात काही बिघडलेले नसते, ट्रान्सफॉर्मरचे ९ व्होल्ट पूर्ण भारावरचे असतात.