लांब लहर छोट्या खोलीत मावत नाही?

२० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ मीटर, म्हणून १० बाय १२ फुटांच्या खोलीत खोल बेस तयारच होत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मग हेडफोनमध्ये तो कसा ऐकू येतो? कानाला जाणवतो तो हवेच्या दाबातला चढउतार. त्यासाठी अख्खी लहर मावावी लागत नाही. १२ फुटांच्या लांबीत पहिला अनुनाद, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमणारा सूर, साधारण ४७ हर्ट्झला येतो. त्याखाली सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा स्पीकर, सगळ्या खोलीतली हवाच दाबतो-सोडतो, आणि खोल बेसला उलट बळ मिळतं. दारं-खिडक्या जितक्या घट्ट, तितकं जास्त.

म्हणूनच अशा छोट्या खोलीत बंद पेटीचा १० इंची सबवूफर सहसा पुरतो. त्याचा आवाज खालच्या सुरांत दर सप्तकाला, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, १२ डेसिबलने उतरतो. त्यातलं बरंचसं खोली भरून काढते. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला मात्र भुलू नका.

खरी डोकेदुखी त्या ४७ हर्ट्झची. तो भिंतीलगत घुमतो, लांबीच्या मधोमध जवळपास गायब होतो. तेव्हा सोफा तिथे नको. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बेस वाजवा आणि भिंतीकडेने चक्क रांगत फिरा. जिथे तो सर्वांत एकसारखा ऐकू येईल, तीच सबवूफरची जागा. रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरमध्ये) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ ठेवा, सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा नॉब कमाल. दोन्हीकडे गाळणी लागली की मधला बेस पोकळ होतो.