काचतंतू कुठे वळतात? एका गणिताची शंभर वर्षं

चाकण-भोसरीच्या मोल्डिंग शॉपमध्ये ‘जीएफ ३०’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. प्लॅस्टिकच्या दाण्यात वजनाने ३० टक्के काचतंतू. तंतूची जाडी १० मायक्रॉनच्या आसपास, आणि माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमधून बाहेर पडेपर्यंत मोडत मोडत लांबी जेमतेम पाव मिलिमीटर उरलेली. साच्यात माल भरताना हे तंतू ज्या दिशेला वळतात त्या दिशेला भाग ताठ होतो आणि कमी आकसतो, आडव्या दिशेला जास्त आकसतो. जॉब वाकडा येतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून डाय (साचा) कापायच्या आधीच तंतूंची दिशा सांगणारं सॉफ्टवेअर विकलं जातं. त्याच्या मुळाशी १९२२ सालचा एक शोधनिबंध आहे, आणि तो प्लॅस्टिकबद्दल नाही.

लंडनचे गणिती जॉर्ज बार्कर जेफ्री यांचा तो निबंध. हे क्वेकर पंथाचे. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आलेले. घट्ट द्रवातल्या गोल कणांचा हिशेब आइनस्टाइनने आधीच मांडला होता. जेफ्रींनी लंबगोल कण घेतला, आणि उत्तर अनपेक्षित आलं: घसरत्या थरांच्या प्रवाहात असा कण प्रवाहाच्या दिशेला वळून थांबत नाही, तो कोलांट्या खात राहतो. फक्त त्या कोलांट्या एकसारख्या वेगाने होत नाहीत. लांबी जाडीच्या २० पट असेल आणि घसरण-दर (थर एकमेकांवरून घसरण्याचा दर) सेकंदाला १०० असेल, तर पूर्ण फेरीला सव्वा सेकंद लागतो. त्यातला सुमारे ९७ टक्के वेळ कण प्रवाहाच्या दिशेच्या ४५ अंशांच्या आत असतो. उरलेल्या क्षणात दोनदा झटकन उलटतो. टाल्क किंवा अभ्रकाच्या चपट्या कणांनाही हेच समीकरण लागू पडतं. पुढच्याच वर्षी जी. आय. टेलर यांनी सोडियम सिलिकेटच्या दाट द्रावणात ॲल्युमिनियमचे कण सोडून ते फिरताना पाहिले.

पण जेफ्रींचा कण एकटा होता. जीएफ ३० मध्ये एकटा तंतू नसतोच. प्रत्येकाला शेजारचे ढकलत असतात. ही गर्दी हिशेबात धरायला १९८४ साल उजाडलं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात फर्नांडो फोल्गर आणि चार्ल्स टकर यांनी सिलिकॉन तेलात नायलॉनचे तंतू टाकून प्रयोग केले आणि जेफ्रींच्या समीकरणाला एक पद जोडलं. सूक्ष्म कण उष्णतेच्या धक्क्यांनी जसे दिशा बदलतात तसेच हे तंतू टकरींनी बदलतात, आणि घसरण जितकी जोरात तितक्या टकरी जास्त, असं त्यांनी धरलं. टकरींचं सगळं प्रकरण एका आकड्यात बसवलं. बहुधा ०.०१ किंवा त्याहून लहान असणारा हा आकडा मूळ तत्त्वांतून निघत नाही, मोजमापाशी जुळवून घ्यावा लागतो. मला ही या विषयातली सगळ्यात प्रामाणिक तडजोड वाटते. पुढच्या चाळीस वर्षांत तिला खरा पर्याय मिळालेला नाही.

तरी संगणकाची अडचण होतीच. साच्यातल्या प्रत्येक बिंदूपाशी किती तंतू कुठल्या दिशेला, ही सगळी यादी वाहून न्यायची कशी? १९८७ मध्ये सुरेश अडवाणी आणि टकर यांनी त्या यादीऐवजी दिशांच्या सरासरीचा टेन्सर (आकड्यांचा एक तक्ता) वापरला: प्रत्येक बिंदूला फक्त पाच स्वतंत्र आकडे. अडवाणी पवईच्या आयआयटीचे पदवीधर. कल्पना द्रव-यांत्रिकीत आधीपासून होती, पण ती वापरता येईल अशी यांनी मांडली. किंमत अशी की या टेन्सरचं समीकरण त्याच्याहून मोठा टेन्सर मागतं आणि तो अंदाजाने भरावा लागतो. तो अंदाज सुधारण्यात पुढची कित्येक वर्षं गेली.

पडताळणी मात्र चिकाटीचं काम. भाग कापायचा, पॉलिश करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. काकडी तिरकी कापली की चकती लांबट येते, तसा तिरका तंतू लंबवर्तुळ दिसतो. त्याच्या लांबी-रुंदीवरून कोन काढायचा. (तंतू डावीकडे कललाय की उजवीकडे हे एकाच कापात कळत नाही, ही यातली जुनी डोकेदुखी. आता सीटी स्कॅनने ती सुटते.) गेटपासून (माल साच्यात शिरतो त्या तोंडापासून) पसरत जाणाऱ्या चकतीसारख्या भागात भिंतीलगतचे तंतू प्रवाहाच्या दिशेने आणि मधल्या थरातले त्याला आडवे सापडतात. हा मधला थर गणितातही येत होता, पण मोजलेल्यापेक्षा पातळ. कारण खरे तंतू गणितापेक्षा कित्येक पटींनी सावकाश वळत होते.

वळण्याचा वेगच सरसकट कमी करावा, हा पहिला उपाय. पण मग पाहणारा स्वतः फिरत असेल तर उत्तर बदलायचं, जे भौतिकशास्त्रात चालत नाही. २००८ मध्ये वांग, ओ’गारा आणि टकर यांनी टेन्सरच्या मुख्य दिशांचं फिरणं तसंच ठेवून फक्त त्या दिशांना तंतू गोळा होण्याचा वेग कमी केला. त्यासाठी आणखी एक जुळवून घ्यायचा आकडा आला. २००९ मध्ये फेल्प्स आणि टकर यांनी लांब तंतूंसाठी टकरींचा परिणाम दिशेप्रमाणे वेगळा धरला. तिथे आकड्यांची संख्या पाचवर गेली.

बहुतेक हिशेबांत अजूनही आधी प्रवाह काढतात आणि मग त्यात तंतू वळवतात. तंतूंमुळे प्रवाहच बदलतो तो उलटा परिणाम सहसा सोडून दिला जातो. गेटमधून आत येताना तंतू कसे होते हेही गृहीतच धरतात, आणि गेटजवळच्या भागात आकडे चुकतात ते बऱ्याचदा त्यामुळेच.