सायलेन्सरमधील अडलेली झडप

ऐरोलीतील आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझी जुनी, सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी सकाळी सुरू होताच घुमू लागली. आवाज कर्कश नव्हता. तो कानांपेक्षा छातीला अधिक जाणवत होता, त्याने आतला आरसा थरथरत होता आणि गाडीने ठाणे-बेलापूर रस्त्यावर वेग घेतला की तो विरून जात होता. पहिल्या गॅरेजमध्ये मागचा संपूर्ण सायलेन्सर बदलण्याचा सल्ला मिळाला. प्रत्यक्षात मुख्य दोष होता तो करंगळीहून बारीक अशा एका रबरी नळीत, आणि ती उंदराने कुरतडलेली होती.

ही नळी ज्या भागाला जाऊन मिळते त्याला ‘एक्झॉस्ट फ्लॅप’ म्हणतात. सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या दोन पाइपांपैकी एकात बसवलेली ही गोल पोलादी झडप मधोमध आरपार गेलेल्या आसाभोवती फिरते. सर्व गाड्यांत ती नसते. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांत ती प्रामुख्याने आवाजासाठी असते. (घाटात उतरणाऱ्या ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेकही अशाच झडपेवर चालतो, मात्र तेथे वायू मुद्दाम अडवून इंजिनालाच ब्रेक लावायचा असतो.)

झडप का लागते, हे थोड्या हिशेबाने कळते. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ३५ स्फोटांचे धक्के पाइपात शिरतात. सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४३५ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे या आवाजाची तरंगलांबी १२ मीटरहून थोडी अधिक, जवळजवळ एनएमएमटीच्या मोठ्या बसएवढी. मीटरभर लांबीच्या सायलेन्सरमधील कप्पे एवढ्या लांब लहरींपुढे तोकडे पडतात. एक पाइप बंद केला की वाट अरुंद होते आणि हे धक्के बाहेर पडण्यापूर्वीच बरेचसे दबतात. मग ती वाट कायमचीच अरुंद का ठेवू नये? कारण पाइपातील दाबाची घट साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वायूचा प्रवाह दुप्पट झाला तर अडथळा चौपट होतो आणि दहापट झाला तर शंभरपट. उभ्या गाडीत नगण्य असलेला अडथळा भरधाव इंजिनाचा श्वास कोंडतो, म्हणून गरज पडताच झडप उघडावी लागते.

निदानाची किल्ली येथेच आहे. माझ्या गाडीसारख्या रचनेत झडप बंद करण्याचे काम व्हॅक्यूम, म्हणजे हवा खेचून निर्माण केलेली ओढ, करतो आणि उघडण्याचे काम स्प्रिंग. गाडीतील संगणकाचा हुकूम सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेवर उघडमीट करणाऱ्या एका छोट्या झडपेकडे, जातो, सोलेनॉइड नळीतून व्हॅक्यूम सोडतो, झडपेजवळच्या डबीतील रबरी पडदा त्याने ओढला जातो आणि पडद्याला जोडलेली कांडी आस फिरवते. या साखळीत कुठेही हवा गळली तर स्प्रिंग झडप उघडीच ठेवते. गाडी घुमते, पण जोर कमी होत नाही. उलट आस गंजून झडप बंद स्थितीत अडकली, तर गाडी शांत राहते आणि चढावर धापा टाकते. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या झडपेत तिसराच प्रकार आढळतो: मोटर आणि आस यांना जोडणारी छोटी स्प्रिंग ढिली होऊन पत्रा खुळखुळल्यासारखा आवाज येतो.

वागळे इस्टेटमधील दुसऱ्या मिस्त्रींनी स्कॅनरही लगेच लावला नाही. “आधी नळी काढून बघू साहेब, सायलेन्सर कुठे पळून जात नाही,” असे म्हणून त्यांनी इंजिन थंड असताना मागच्या पाइपात टॉर्च मारला. झडप उघडी दिसली. बंद गाडीत ती तशीच असायला हवी. मात्र इंजिन सुरू केल्यावरही ती जागची हलली नाही. मग डबीवरची नळी उपटून त्यांनी तिच्या तोंडावर बोट ठेवायला सांगितले. बोटाला ओढ जाणवली असती, तर दोष डबीत किंवा आसात होता; ती जाणवली नाही, म्हणजे दोष नळीत, सोलेनॉइडमध्ये किंवा त्यामागे. या एका चाचणीने साखळीचे दोन तुकडे होतात आणि शोध निम्म्यावर येतो. डबीला हातपंप लावून त्यांनी हवा खेचली, तेव्हा पंपावरील मापकाचा काटा स्थिर राहिला. याचा अर्थ पडदा शाबूत होता. कांडी मात्र अर्ध्यावरच अडली. हे सर्व उघड्यावर चालले होते, कारण बंद पार्किंगमध्ये इंजिन चालवत ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

अर्ध्यावर अडलेल्या कांडीचे कारण गंज होते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते आणि ते वाफेच्या रूपाने पाइपातून जाते. लांबच्या प्रवासात पाइप तापून ही वाफ निघून जाते. घर ते स्टेशन अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती थंड सायलेन्सरमध्येच पाणी होऊन राहते. त्यात खाडीकाठची खारट, दमट हवा बाहेरून आसाच्या टोकांना लागते. या दोहोंपैकी घातक अधिक कोण, असे विचारल्यास मी छोट्या फेऱ्यांना दोष देईन.

गंज सोडवणारे तेल आसाच्या दोन्ही टोकांना रात्रभर मुरू दिले आणि सकाळी कांडी सोडवून आस हाताने थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवला. जोर केला असता तर तो पिळून तुटला असता. नेहमीचे ग्रीस येथे चालत नाही, ते उष्णतेने जळून कडक होते. म्हणून उच्च तापमान सोसणारी अँटी-सीझ पेस्ट लावली. आसाची भोके झिजली असती, तर सायलेन्सर बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. झडप तारेने कायमची उघडी बांधण्याचा उपायही काही जण सुचवतात. मला तो पटत नाही, कारण त्यात घुमणे तसेच राहते आणि गाडी तयार करताना केलेली आवाजाची सोय आपण स्वतःच मोडीत काढतो.

इंजिनाच्या कप्प्यातील नळीचा कुरतडलेला तुकडा कापून नवा जोडल्यावर इंजिन सुरू केले. कांडी सरकन आत ओढली गेली आणि आरसा थरथरायचा थांबला. नव्या तुकड्यावर मिस्त्रींनी तारेच्या जाळीचे आवरण चढवून दिले आहे. पार्किंगमधील उंदरांनी ते अजून तरी मान्य केलेले दिसते.