कायनेसिनचा पाय नेमका कुठे पडतो?

भलामोठा गोळा ओढत नळीवरून ऐटीत चालणारं एक प्रथिन, आणि खाली ओळ: ‘हाच तो आनंद! मेंदूत एंडॉर्फिन वाहून नेणारं मायोसिन.’ हे अ‍ॅनिमेशन वर्षानुवर्षं फिरतंय. त्यातलं प्रथिन मायोसिन नाही, कायनेसिन आहे. गोळा म्हणजे पेशीतला माल भरलेली सूक्ष्म पिशवी. आनंदाशी त्याचा खास संबंध नाही. आपण दुःखी असतानाही कायनेसिन हेच काम करत असतं. ही भंपक ओळ पुढे ढकलताना खरी, कितीतरी अधिक थरारक गोष्ट मागेच राहते.

कायनेसिन १९८५ मध्ये स्क्विडच्या जाड चेतातंतूत सापडलं. १९९३ मध्ये लेझरच्या चिमट्याने मोजल्यावर कळलं की ते ८ नॅनोमीटरच्या पावलांनी पुढे सरकतं. पण पाय कसे पडतात? आपल्यासारखे आलटूनपालटून, की एकच पाय कायम पुढे आणि दुसरा त्याच्यामागे फरफटत?

इथे प्रकाशच आडवा येतो. सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारा एकटा रेणूही सुमारे २५० नॅनोमीटरचा धूसर ठिपका दिसतो. मग त्यात ८ नॅनोमीटर कसे मोजायचे? इलिनॉय विद्यापीठात पॉल सेल्विन यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या अहमत यिल्डिझ या तरुण जीवभौतिकशास्त्रज्ञाने ठिपक्याचा आकार सोडून त्याचा मध्य पकडला. वाळूचा ढीग कितीही पसरट असला तरी त्याचं टोक कुठे आहे ते सांगता येतं, तसंच हे. प्रत्येक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, मध्यापासून साधारण शंभर-सव्वाशे नॅनोमीटर इकडेतिकडे पडतो, पण सगळ्यांची सरासरी काढली की चूक फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते. दहा हजार फोटॉन मिळाले तर चूक शंभरपट कमी, म्हणजे जेमतेम एक-दीड नॅनोमीटर! तेवढे फोटॉन देण्याआधीच प्रथिनाला लावलेला चमकणारा रंग विझू नये म्हणून द्रावणातला ऑक्सिजन काढून टाकायचा, आणि कॅमेऱ्याला पावलं टिपता यावीत म्हणून एटीपी हे पेशीचं इंधन अगदी कमी ठेवून चाल मंद करायची.

रंग फक्त एकाच पायाला लावला. पाय फरफटत असेल तर तो दर वेळी ८ नॅनोमीटर सरकायला हवा. पाय आलटूनपालटून पडत असतील तर एकदा १६, एकदा शून्य. २००४ मध्ये उत्तर आलं: सरासरी सुमारे १७. शून्याचं पाऊल अर्थातच दिसत नाही, पण ते दोन उड्यांमधल्या वेळात लपलेलं असतं. मध्ये एकच घटना असती तर अगदी छोटे विराम सर्वांत जास्त आढळले असते. ते दुर्मिळ निघाले, कारण रंगीत पाय पुन्हा उचलला जाण्याआधी बिनरंगी पायाचं पाऊल पडावं लागतं.

उलट दिशेने माल नेणाऱ्या डायनिन या दुसऱ्या प्रथिनाच्या दोन्ही पायांना २०१२ मध्ये वेगवेगळे रंग लावून पाहिलं, तेव्हा ही शिस्त दिसलीच नाही. पावलं लहानमोठी, कधी बाजूला, कधी चक्क मागे, आणि बरेचदा पुढचाच पाय पुन्हा पुढे. दोन पायांत फार अंतर पडलं की मात्र ताण बसतो आणि मागचा पाय पुढे येण्याची शक्यता वाढते.