मोम (शब्द)

मोम हा मेणासाठीचा मूळचा फारसी शब्द. मधमाश्यांच्या पोळ्यापासून मिळणारे मेण हा त्याचा पहिला अर्थ. मेणबत्ती, मेणकापड, पुतळ्यांचे मेण आणि पुढे खनिज तेलापासून निघणारे पॅराफिन हे सगळे त्याच्या छायेखाली नंतर आले. इस्लामपूर्व इराणातल्या पहलवी भाषेतही त्याचे रूप ‘मोम’ असेच होते. तिथून तो पश्चिमेला अनातोलियापर्यंत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानापर्यंत, आणि पूर्वेला बंगाल-ओडिशापर्यंत गेला. मराठीत मात्र त्याला घर मिळाले नाही.

आजच्या इराणात हा शब्द ‘मूम’ असा उच्चारतात. अफगाणिस्तानातल्या दरी फारसीत तो ‘मोम’च राहिला आहे. जुन्या फारसीतला दीर्घ ‘ओ’ इराणात कालांतराने ‘ऊ’ झाला, पण भारतात आलेली फारसी त्या बदलाच्या बाहेर राहिली. म्हणून इराणी माणूस ‘रूज’, ‘दूस्त’, ‘जूर’ म्हणतो आणि आपण रोज, दोस्त, जोर म्हणतो. हे तीन शब्द मराठी माणूस बिघडवून बोलतो असे कुणी म्हणाले, तर त्याला सांगावे की जुना स्वर आपल्याकडे टिकला आहे. हिंदी-उर्दूतल्या ‘मोम’चेही तेच.

पश्चिमेकडे जाताना अर्थ सरकला. तुर्कीत ‘मुम’ म्हणजे मुख्यतः मेणबत्ती. पोळ्याच्या मेणाला वेगळा शब्द करावा लागला, ‘बालमुमू’, म्हणजे मधाचे मेण. खोटारड्याची मेणबत्ती रात्रीच्या नमाजापर्यंतच जळते, ही तुर्की म्हण प्रसिद्ध आहे आणि तिच्यात हाच ‘मुम’ आहे. आर्मेनियनमध्ये ‘मोम’ हे मेणाचेही नाव आहे आणि मेणबत्तीचेही. भारतातून निघून युरोपभर विखुरलेल्या रोमा लोकांच्या भाषेतही मेणाला ‘मोम’ आणि मेणबत्तीला ‘मोमेली’ म्हणतात. हा शब्द त्यांनी भारतातून नेलेला नाही. वाटेत, इराण आणि आर्मेनियाच्या मुलखात उचललेला आहे. खुद्द फारसीत मेणबत्तीसाठी अरबी ‘शमअ’ रूढ झाला आणि ‘मूम’कडे फक्त पदार्थाचे नाव उरले.

याच शब्दापासून ‘मूमिया’ तयार झाला. इराणातल्या डोंगरांच्या कपारींतून पाझरणाऱ्या काळ्या, डांबरासारख्या पदार्थाचे हे नाव. मोडलेल्या हाडांवर आणि जखमांवर तो औषध म्हणून फार मोलाचा मानला जाई. इजिप्तमधल्या जतन केलेल्या प्रेतांवरचा काळा लेप तसाच दिसत असल्यामुळे त्यालाही मूमिया म्हणू लागले, मग ते नाव प्रेतालाच चिकटले. युरोपातल्या औषधविक्रेत्यांकडे शतकानुशतके अशा प्रेतांची पूड ‘मुमिया’ म्हणून विकली जात होती. मराठीतला ‘ममी’ हा शब्द इंग्रजीमार्गे आला असला तरी त्याचे मूळ हेच आहे. उत्तर भारतात ‘मोमियाई’भोवती, म्हणजे याच मूमियाभोवती, वेगळीच दहशत होती: माणसाला उलटे टांगून त्याची चरबी काढतात आणि तिचे हे मलम करतात, अशी समजूत लोकांत पसरलेली होती.

हिंदी, उर्दू, पंजाबी आणि बंगालीत ‘मोम’ इतका मुरला की परका वाटत नाही. ओडियात तो ‘महम’ झाला. मोमबत्ती हा अर्धा फारसी, अर्धा भारतीय समास; बत्तीचे मूळ संस्कृत ‘वर्तिका’. पाणी न शिरणारे मेण लावलेले कापड म्हणजे मोमजामा. दयेने मन द्रवले की हिंदीत माणूस ‘मोम’ होतो.

मराठीत ही जागा रिकामी नव्हती. संस्कृत ‘मदन’ (मेण या अर्थाने), प्राकृत ‘मयण’, मराठी ‘मेण’ अशी सरळ परंपरा आहे. गुजरातीत ‘मीण’ आणि नेपाळीत ‘मैन’ आहे; कन्नडमध्ये ‘मेण’ आणि तेलुगूत ‘मैनं’ ही रूपेही त्याच कुळातली. म्हणून गुजराती माणूस मीणबत्ती लावतो, नेपाळी मैनबत्ती आणि मराठी मेणबत्ती. नकाशावर पाहिले तर ‘मोम’ने उत्तरेचे मोठे मैदान व्यापले आणि त्याच्या कडेच्या भाषांनी जुना शब्द राखला.

फारसीशी वैर असल्यामुळे हे घडले असे मानता येत नाही. दरबार, जमीन, कागद, शाई, दुकान, बाजार हे सगळे मराठीने मोकळ्या हाताने घेतले. देवापुढच्या समईची व्युत्पत्तीही याच अरबी-फारसी ‘शमअ’शी जोडली जाते. मेण टिकले ते रोजच्या वापरामुळे, असे वाटते. सतराव्या शतकात, फारसी ऐन भरात असताना, तुकोबा ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. मेण घरोघरी बायकांच्या बोटाला होते: कपाळावर आधी मेणाचा ठिपका, मग त्यावर कोरडे कुंकू, म्हणजे ते दिवसभर सुटत नसे. फणी-करंड्याच्या पेटीत आरशाजवळ कुंकवाच्या करंड्याला लागून मेणाची डबी असे.